गाडीने ओळखलेला चिंचोका

नागापूर, अहिल्यानगर
(पाकिटावर नुसतं नगर लिहिलं तरी पोचतं)
सोमवार, ३ मार्च २०२५

आदरणीय अँड्र्यूदादा,

तुम्हा उभयतांना यशयाचा प्रभूच्या नावात सलाम. त्याच्या दयेने आम्ही दोघंही धडधाकट आहोत आणि बेलापुरातही सगळं ठीक असेल अशी आशा करतो. वहिनींचा गुडघा आता काय म्हणतो? नुसतं तेल चोळून काही व्हायचं नाही, डॉक्टरला दाखवा, असं त्यांना माझ्या वतीने सांगा (तुमच्या वतीने सांगितलंत तर त्या मुद्दाम चोळत बसतील). तुमचं पित्त शांत असावं अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण पुढचा मजकूर जेवल्यावर लगेच वाचण्यासारखा नाही. फोन हाताशी असताना ह्याने एवढी पानं का खरडली, असं तुम्ही म्हणाल. एक म्हणजे आमच्या घरात फोन कृपा कायम स्पीकरवर लावते. दुसरं म्हणजे फोनवर तुम्ही मला तिसऱ्या वाक्याला अडवता, आणि या हकिकतीच्या पहिल्या तीन वाक्यांत माझ्या चुकीशिवाय दुसरं काहीच येत नाही. खरी नवलाई पुढे आहे. दादा, मी बासष्ट वर्षांचा झालो, चौतीस वर्षं इथल्या एमआयडीसीत टूलरूमला फिटर म्हणून काढली, डोळ्याला न दिसणारी मापं हाताने काढून दिली, पण गेल्या गुरुवारी जे बघितलं तसं जन्मात बघितलं नव्हतं. अजून त्या गाडीजवळून जाताना माझा आवाज आपोआप खाली येतो.

तुमची बहीण कृपा शुक्रवारी, २८ तारखेला, निवृत्त व्हायची होती हे तुम्हाला ठाऊकच आहे. पारनेर तालुक्यात या ना त्या शाळेत तेहतीस वर्षं नोकरी आणि तेहतीस वर्षं एसटी. मी पहिल्या पाळीला असलो की ती उठायच्या आत घराबाहेर, दुसऱ्या पाळीला असलो की ती यायच्या आत घराबाहेर, आणि तिसऱ्या पाळीला असलो की घोरत पडलेला. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी एकदा तिची गाडी चुकली, सुप्याच्या चौकात दोन तास उभी राहिली आणि रडवेली होऊन घरी आली. तेव्हा मी बोलून गेलो होतो, की नोकरीच्या शेवटच्या दिवशी तुला आपल्या स्वतःच्या गाडीतून घरी आणीन. (त्या वेळी माझ्याकडे सायकल होती आणि तिला ब्रेक एकच होता.) ती कदाचित विसरली असेल, मी विसरलो नव्हतो. म्हणून तर तुम्ही नवी गाडी घेतल्यावर जुनी मलाच द्या असं वहिनींमार्फत लावून धरलं, साठी उलटल्यावर चालवायला शिकलो, आणि गाडी मागे घेताना तुमच्या शेजाऱ्यांचं तुळशीवृंदावन पाडलं ते तुम्ही मोठ्या मनाने पोटात घातलंत. असो.

आता चावीकडे येतो. तुम्ही दिलेली ती रिमोटची चावी, बटण दाबलं की पातं बाहेर येतं ती, महिनाभर कुरकुर करत होती. चार-चार वेळा दाबल्याशिवाय दार उघडेना. तुम्ही लगेच म्हणाल, की अरे शहाण्या, मग पातं दारात घालून फिरव, दार उघडतं आणि गाडीही चालू होते. खरं आहे. सेल संपला म्हणून गाडीचं काहीच अडत नव्हतं, हे मी आधीच कबूल करून टाकतो. पण दादा, माझ्या डोळ्यांपुढे चित्र वेगळं होतं. कृपा शाल आणि हार घेऊन फाटकातून बाहेर येते, मागे सगळे शिक्षक, मुलं, गावकरी, आणि मी वीस पावलांवरून नुसतं बोट हलवतो, आणि गाडी टुक-टुक करून डोळे मिचकावते. एवढ्या एका टुक-टुकसाठी मी तो उद्योग केला. शोरूमवाल्यांनी गाडी दोन दिवस ठेवून जा म्हणून सांगितलं होतं आणि तुम्ही तर गाडी देतानाच तीनदा बजावलं होतं, की काहीही झालं तरी घरी उघडायचं नाही. मी दोघांचंही ऐकलं नाही.

गुरुवारी कृपा सकाळच्या गाडीने गेली आणि मी ओट्यावर पांढरं फडकं अंथरून बसलो. उजेड तिथेच चांगला. ओटा आमचा आणि शेजारच्या लंकाबाईंचा सामाईक आहे. (लंकाबाई पाथर्डीकडच्या. पूर्वी ऊसतोडीला जायच्या, आता व्यापाऱ्याची चिंच घरी आणून फोडून देतात. टेम्पो येतो, चिंच वेगळी नि चिंचोके वेगळे घेऊन जातो.) त्यांनी गोणपाटावर ढीग मांडला होता आणि अडकित्त्यापेक्षा वेगाने त्यांचे हात चालले होते. मी चावीच्या फटीत बारीक स्क्रू-ड्रायव्हर घातला, किंचित पिळला, आणि दोन फाका अलग झाल्या. दादा, काय सांगू! मी पाच मिनिटं हात लावला नाही. नखाएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर राईच्या दाण्याएवढे भाग, प्रत्येक आपल्या जागी, कथलाचे डाग सरळ, कुठे थेंबभरही जास्त नाही. हे कुणी बसवलं असेल, त्याचे डोळे कसे असतील, त्याची पाळी किती तासांची असेल, असे विचार मनात आले. लंकाबाईंना बोलावून दाखवलं. त्याही बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आन् येवढ्याश्यात ती मोठी गाडी मावलीय व्हय!"

जुन्या सेलवर २०३२ असं कोरलेलं होतं. लंकाबाईंचं म्हणणं पडलं, की २०३२ सालापर्यंतचा सेल आहे, अजून सात वर्षं आहेत, टाकता कशाला. मला ते पटेना म्हणून व्हर्निअर आणून माप घेतलं. व्यास बरोबर वीस मिलिमीटर. जाडी तीन पूर्णांक दोन! म्हणजे ज्याने हे नाव ठेवलं त्याने नावातच अख्खं ड्रॉइंग लिहून ठेवलं होतं. मी एवढा खूश झालो की व्हर्निअर खिशात घालूनच चौकातल्या घड्याळवाल्याकडे गेलो. त्याने आधी २०२५ लिहिलेला सेल पुढे केला आणि यंदाचाच ताजा माल आहे म्हणाला. मी तिथेच माप घेऊन त्याला जाडी अडीच दाखवली, तेव्हा त्याने गुपचूप खणातून बरोबरचा काढला आणि काका तुम्ही कुठल्या खात्यातले, असं विचारलं. इथपर्यंत माझं सगळं बरोबर होतं, हे ध्यानात घ्या.

चूक झाली ती सवयीने. आमच्या कंपनीत शेवटची बारा वर्षं जपानी शिस्त होती. तिचा पहिला नियम असा, की कामाच्या जागेवर नको असलेली वस्तू दिसली की ताबडतोब बाहेर. माझ्या टेबलाला त्याबद्दल लागोपाठ सहा महिने शाबासकीचं निशाण मिळालं होतं. उघडलेला कुठलाही भाग साफ केल्याशिवाय मी आयुष्यात बंद केलेला नाही. तर चावीच्या प्लॅस्टिकच्या कोपऱ्यात मला एक काळा तुकडा दिसला. चपटा, चिंचोक्याच्या फाकेएवढा. त्याला ना तार, ना डाग, ना स्क्रू. नुसताच पडलेला. मी म्हटलं, बघा, एवढी सुंदर वस्तू केली आणि साच्यातला कचरा आत तसाच राहिला! ब्रश घेतला आणि एका फटक्यात तो उडवला. तो गेला थेट लंकाबाईंच्या गोणपाटावर. तिकडे त्यांचीही बारा वर्षांची सवय. चिंचेत काळं काही दिसलं की नीट न बघता ते चिंचोक्यांत भिरकावायचं. दोन शिस्तीची माणसं, दोन सेकंदांचं काम, आणि दोघांनाही वाटलं की आपण जागा स्वच्छ केली.

नवा सेल बसवला, चावी टच् करून मिटली, आणि बटण दाबलं. टुक-टुक! पाच पावलांवरून, दहा पावलांवरून, मग मी मोजत मोजत पार पिठाच्या गिरणीपर्यंत गेलो, तिथूनही गाडीने डोळे मिचकावले. मी रस्त्यात उभा राहून मोठ्याने हालेलुया म्हणालो (गिरणीवाल्याने मान बाहेर काढून बघितलं). मग जरा फेरी मारावी म्हणून गाडीत बसलो, चावी फिरवली. इंजिन घुर्र करून गप्प. समोर चावीच्या आकाराचा एक तांबडा दिवा उघडझाप करायला लागला. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. दहा वेळा फिरवून बघितलं. पेट्रोल होतं, बॅटरी ठणठणीत, सगळं जागच्या जागी, आणि गाडी मला ओळख दाखवायला तयार नाही.

सायकल काढून चावी बनवणाऱ्या हर्षलकडे गेलो. पंचविशीतलं पोरगं, पण हातातलं काम बघून बोलणारं. त्याने चावी उघडली, आत बघितलं, आणि विचारलं, की काका, यातला काळा दाणा कुठंय? दादा, मी ब्रशने उडवलेला कचरा तोच! त्याने मग जे सांगितलं ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगतो. त्या दाण्याला सेल लागत नाही. त्यात हलणारं काही नाही. तो जन्मभर झोपलेला असतो. चावी कुलुपापाशी आली, की कुलुपाभोवतीची तारेची कडी हवेतूनच त्याला एक कणभर वीज देते. तेवढ्यापुरता तो जागा होतो, आपला नंबर सांगतो, आणि परत झोपतो. नंबर पटला तर हजार किलोचं धूड हलतं, नाही तर नाही. मी त्याला हे तीनदा सांगायला लावलं. भीती बाजूलाच राहिली, मी तोंड उघडं टाकून ऐकत होतो. चौतीस वर्षं मी ज्याला पक्कं काम म्हणत आलो त्यात निदान एक तरी नट असायचा. मग भानावर येऊन विचारलं, की नवा दाणा उद्या सकाळपर्यंत मिळेल का. तो म्हणाला, गाडीची कागदपत्रं, मागणी, नोंद, सगळं धरून आठवडा. नाही तर दुसरी चावी आणा. दुसरी चावी म्हटल्यावर मला तुमची आठवण झाली, पण त्याबद्दल आत्ता नको.

परत आलो तर दुपारचे अडीच. टेम्पो पाचला येणार होता, आणि तो चिंचोके घेऊन गेला की ते कुठल्या तरी कारखान्यात जाऊन दळले जाणार. लंकाबाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. उद्या बाईंना आणायचं म्हणून तुम्ही दोन महिने मला सांगताय, आता शोधायचं म्हणजे शोधायचं, असं म्हणून त्यांनी दोन घमेली भरून चिंचोके माझ्यासमोर ठेवले. तासभर आम्ही चार डोळे आणि दोन चष्मे लावून बसलो. पण चिंचोके काळे, निम्मे फुटलेले, सगळ्यांना गर चिकटलेला. माझा दाणाही आता गरात लोळलेला असणार. प्रत्येक फाक मला तोच वाटायची. साडेतीन वाजले आणि मी खरोखर रडायच्या बेताला आलो. तेहतीस वर्षांपूर्वी दिलेला एक शब्द, आणि तो मी ब्रशने उडवला होता.

आणि तेव्हा मला सुचलं. मी सुचलं म्हणतो, पण ते माझ्या डोक्यातून आलेलं नाही याची मला खात्री आहे. आम्ही दोघं ओळखू शकत नाही, पण जिला ओळखता येतं ती तर दारात उभी आहे! मी दुधाची एक रिकामी पिशवी धुतली, तीत ओंजळभर चिंचोके भरले, गाडीत बसलो, पिशवी कुलुपाच्या कडीला चिकटवून धरली आणि चावी फिरवली. तांबडा दिवा. चिंचोके रिकाम्या घमेल्यात, दुसरी ओंजळ. तांबडा दिवा. लंकाबाई घमेलं मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर बसल्या (आधी चपला बाहेर काढल्या, मी नको म्हणत असताना) आणि पिशव्या भरून देऊ लागल्या. रस्त्यावरून जाणारे थांबून बघत होते, की म्हातारा गाडीला चिंचोक्यांचा वास देतोय. दहा झाल्या, वीस झाल्या. त्या मोहटादेवीचं नाव घेत होत्या, मी प्रभूचं, आणि गाडी दोघांनाही दाद देत नव्हती. पहिलं घमेलं संपलं. पावणेपाच वाजले. एकेचाळिसावी पिशवी लावली, चावी फिरवली, आणि दादा, तो तांबडा दिवा विझला! इंजिन गर्जना करून चालू झालं. लंकाबाईंच्या मांडीवरचं घमेलं उडालं आणि चिंचोके सगळ्या गाडीभर झाले. "वळखलं की वं! आपलं मानूस वळखलं!" म्हणून त्या ओरडल्या आणि आम्ही दोघं, मी बासष्ट आणि त्या अठ्ठावन्न, लहान पोरांसारखे रडलो. मग त्या पिशवीतले निम्मे निम्मे करत गेलो, सात वेळा गाडीला विचारलं, आणि शेवटी माझ्या तळहातावर एकच काळी फाक उरली. तिला धुऊन, पुसून, जागेवर ठेवून चावी बंद केली. टेम्पो आला तेव्हा आम्ही चहा पीत होतो.

आता शुक्रवार. गाडी धुतली, इस्त्रीचा शर्ट घातला, चार वाजता शाळेच्या फाटकाबाहेर वीस पावलं मोजून उभी केली. समारंभ छान झाला, तिच्याबद्दल लोक बोलले ते ऐकून मला ती कुणी दुसरीच बाई वाटली. पाचला सगळे बाहेर निघाले. मी चावी हातात धरून तयार. इतक्यात हॉर्न वाजला आणि नगरची एसटी, जिचा थांबा पुढे चौकात आहे ती, सरळ शाळेच्या फाटकापाशी येऊन थांबली. खिडक्यांना झेंडूच्या माळा. कंडक्टर खाली उतरून दार धरून उभा. आतून रोजच्या बायका, दवाखान्यातल्या नर्सा, दूधवाले, भाजीवाल्या, सगळे "बाई, चला!" म्हणून ओरडत होते. कृपाने एसटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझं बोट त्याच वेळी बटणावर पडलं आणि गाडीने टुक-टुक केलं. कुणीही बघितलं नाही. ती जवळ आली, हातातला हार माझ्या गळ्यात घातला आणि हळूच म्हणाली, "तुम्ही मागून या."

मी मागून गेलो. आधी फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. समोर नुसता एसटीचा पत्रा आणि धुळीने माखलेली काच. पण मग काय घडलं ते ऐका. एसटी दर थांब्याला थांबायची आणि तिथे माणसं वाट बघत उभी. कुणी पेरूची पिशवी, कुणी कांद्याची गोणी, एका म्हाताऱ्याने तर जिवंत कोंबडी आणली होती. एसटीत जागा नव्हती, म्हणून कंडक्टर मागे बोट दाखवायचा आणि सगळं माझ्या गाडीत यायचं. एका थांब्यावर मिशीवाला गडी माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, की बाईंनी एसटीत बसवून मला बाराखडी शिकवली, मी शाळेत कधी गेलोच नाही. आणि मला एवढी वर्षं वाटत होतं, की कृपा एसटीने फक्त शाळेत जाते. नगर येईपर्यंत मी जणू दुसऱ्याच कुणाच्या तरी बायकोच्या मागे मोठ्या आदराने गाडी चालवत होतो. मी एसटीला ओव्हरटेक केलं नाही. तशी मला अजून ती कला येतही नाही.

बाकी सगळं कुशल. वहिनींना सलाम, तुमच्या पित्ताची काळजी घ्या.

आपला,
यशया भिंगारदिवे

ता. क. दादा, मूळ काम राहिलंच. गाडी देताना तुम्ही म्हणाला होतात की दुसरी चावी कपाटात कुठेतरी आहे, सापडली की देतो. ती आता तातडीने शोधावी आणि पाठवावी. तो काळा दाणा मी परवा पुन्हा सुटू नये म्हणून चिकटवायला गेलो, तर तो माझ्या अंगठ्याला चिकटला. सध्या गाडी चालू करताना मला अंगठा कुलुपाला लावून धरावा लागतो. चालते, पण बघणाऱ्यांना विचित्र दिसतं.

ता. क. २. यातलं एक अक्षरही कृपाला कळता कामा नये. तिला वाटतं की अंगठ्याला कुरूप झालंय. पत्ता तेवढा तिच्याकडून लिहून घेतो, तिचं अक्षर चांगलं आहे.

दादा, मी कृपा. पत्ता लिहायला दिला तेव्हा पाकीट उघडंच होतं, सगळा डिंक यांच्या अंगठ्यावर गेला आहे. मला शुक्रवारी रात्रीच कळलं होतं. पेरू काढताना सीटखाली चिंचोके सापडले, म्हणून लंकाबाईंना विचारलं. दुसरी चावी जरूर पाठव, पण माझ्या नावाने पाठव. यांना सांगू नकोस, की एसटीत माझी नेहमीची जागा पुढच्या खिडकीची असते, पण त्या दिवशी मी सगळ्यांचा हट्ट मोडून मागच्या बाकावर बसले आणि रुमालाने काच पुसली. गळ्यात हार, दोन्ही हात स्टेअरिंगला घट्ट, आणि ओठ हलत होते. गात होते की प्रार्थना करत होते, कळलं नाही. यांची पाळी आणि माझी एसटी यांत तेहतीस वर्षं निघून गेली. यांच्या तोंडाकडे एवढा वेळ, चांगला सव्वा तास, बघायला मला पहिल्यांदाच मिळालं.